लष्करी तळावर स्थलांतरित : ब्रिटनमधला वाद नेमका काय, आणि आपल्या कल्याण कॅम्पशी त्याचं नातं काय?

ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी ब्रिटन सरकारने जाहीर केलं, की आश्रय मागायला आलेल्या सुमारे ९०० पुरुषांना दोन लष्करी ठिकाणी ठेवायचं. पहिलं ठिकाण स्कॉटलंडच्या इन्व्हरनेस शहरातल्या कॅमेरॉन बराकी. दुसरं इंग्लंडच्या दक्षिणेला क्रोबरो गावाजवळचा सैनिकी प्रशिक्षण कॅम्प. बातमी आल्यावर क्रोबरोचे लोक रस्त्यावर उतरले. त्या मोर्चांचे व्हिडिओ आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही फिरले. खाली कुणी लिहिलं, मिलिटरीच्या जेलात टाकायला लागले. कुणी लिहिलं, फुकट राहायला-खायला मिळतंय, चला तिकडेच. दोन्ही खरं नाही. ज्यांची मुलं तिकडे शिकायला आहेत अशा दोघा-तिघांनी तर मलाच विचारलं, आमच्या पोरालाही असं ठेवतील का म्हणून.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही ठेवणार. व्हिसा काढून शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या माणसाने आपली राहायची सोय आपण करायची असते. सरकारी मदत मिळणार नाही ही त्याच्या व्हिसाची अटच असते. या बराकींशी त्याचा काही संबंध येत नाही.

कोणाला ठेवतात, आणि का ठेवावं लागतं

हा सगळा वाद आश्रय मागणाऱ्यांचा आहे. आपल्या देशात जिवाला धोका आहे, म्हणून दुसऱ्या देशात येऊन संरक्षण मागतो तो आश्रय मागणारा. अर्ज मंजूर झाला की तो कायद्याने निर्वासित ठरतो, त्याला राहायचा आणि काम करायचा हक्क मिळतो. नामंजूर झाला, अपिलातही हरला, तर परत जावं लागतं. अर्ज केल्यापासून निकाल लागेपर्यंतचा जो मधला काळ असतो, भांडण सगळं त्या काळाचं आहे.

या काळात त्याला काम करायला बंदी असते. बारा महिने होऊनही निकाल लागला नाही आणि उशिरात त्याचा दोष नसला तर परवानगी मागता येते, तीसुद्धा सरकारने यादीत घातलेल्या ठरावीक कामांसाठीच. सरकारचं म्हणणं असं, की कामाची मुभा दिली तर नुसत्या कामासाठी येणाऱ्यांची रांग लागेल. हे म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. पण कमवायचं नाही म्हटल्यावर माणूस राहणार कुठे? १९९९ च्या कायद्याप्रमाणे ज्याच्याकडे काहीच नाही अशा अर्जदाराला सरकार निवारा देतं. म्हणजे एका हाताने काम बंद केलं आणि दुसऱ्या हाताने घर द्यायची जबाबदारी घेतली. तयार जेवण मिळतं तिथे हातखर्चाला आठवड्याला दहा पौंडांच्या आतच पैसे मिळतात. एका पौंडाचे शंभराच्या वर रुपये होतात, म्हणजे आठवड्याचे हजार-अकराशे. त्या देशात एवढ्यात बसची दोन-चार तिकिटं येतील. फुकटचं राहणं म्हणतात ते हे.

आपल्याकडे काही एजंट पोरांना सांगतात, पोहोचलास की आश्रय माग, राहायची सोय होते. त्यांनी हा हिशोब सांगितलेला नसतो. फ्रान्सकडून छोट्या बोटींतून जाणाऱ्यांत भारतीय नागरिकही सापडले आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हॉटेलांचं बिल

फ्रान्स आणि इंग्लंडच्या मधल्या खाडीला इंग्लिश चॅनेल म्हणतात. हवा भरलेल्या रबरी बोटीतून ती पार करून येणारे लोक २०१८ मध्ये फक्त काहीशे होते. २०२१ मध्ये ते २८ हजारांवर गेले, २०२२ मध्ये ४५ हजारांच्या पुढे. अर्ज तपासणारे कमी, अर्ज जास्त. २०२३ च्या मध्याला पहिल्याच निर्णयाची वाट बघणारे पावणेदोन लाख लोक होते. आपल्या तहसील कचेरीत फेरफाराच्या नोंदी तुंबतात तसंच, फक्त इथे प्रत्येक तुंबलेल्या अर्जामागे सरकारला एक खाट लावावी लागते.

सरकारकडे घरं नव्हती. मग हॉटेलं भाड्याने घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये ५६ हजारांवर लोक हॉटेलांत होते, हॉटेलं सुमारे ४००. रोजचा खर्च ८० लाख पौंडांपर्यंत गेला, आपल्या पैशात ८० कोटींच्या वर. ही घरं आणि हॉटेलं पुरवायचं कंत्राट २०१९ पासून दहा वर्षांसाठी तीन खासगी कंपन्यांकडे आहे. सुरुवातीला दहा वर्षांचा अंदाज साडेचार अब्ज पौंड होता, तो आता १५ अब्जांच्या वर गेलाय.

हॉटेलांवरून राग साठत गेला. ज्या गावातल्या हॉटेलात लग्नं व्हायची ते एका दिवसात बंद झालं आणि तिथे दीडशे अनोळखी माणसं आली, हे गावाला कुणी विचारून केलं नव्हतं. २०२५ च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या एपिंग गावात हॉटेलात राहणाऱ्या एका आश्रय मागणाऱ्यावर शाळकरी मुलीची छेड काढल्याचा गुन्हा दाखल झाला, पुढे त्याला शिक्षाही झाली. त्यावरून तिथे आठवडेच्या आठवडे निदर्शनं झाली. तिथली नगरपालिका कोर्टात गेली. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने हॉटेल रिकामं करायला सांगितलं, आणि दहाच दिवसांत अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पण सरकार घाबरलं ते घाबरलंच. हॉटेलं नकोत तर मग काय, याचं उत्तर म्हणून लष्कराच्या रिकाम्या जागा पुन्हा पुढे आल्या. 'पुन्हा' म्हणतो, कारण हे आधी करून झालेलं होतं.

नेपिअरचा अनुभव

सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाचा जोर असताना, दोन लष्करी जागा उघडल्या होत्या. एक केंट परगण्यात फोकस्टन शहराजवळची नेपिअर बराक, दुसरी वेल्समध्ये पेनॅली गावचा सैनिकी कॅम्प.

नेपिअरची बराक शंभर वर्षांहून जुनी. एका लांबच लांब खोलीत ओळीने खाटा, मध्ये पडदे, सगळ्यांना मिळून थोडे संडास-बाथरूम. काही खोल्यांत दोन डझनांहून जास्त माणसं. अशा सामायिक खोल्या कोरोनाच्या काळात धोक्याच्या आहेत, हे त्यांच्याच सरकारी आरोग्य यंत्रणेने आधी सांगितलं होतं. ऐकलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये सुमारे दोनशे जणांना कोरोना झाला. महिनाअखेरीला तिथे आग लागली, त्यानंतर काही दिवस थंडीत वीज आणि गरम पाणी नव्हतं.

तुरुंग खात्याच्या आणि इमिग्रेशन खात्याच्या तपासनिसांनी फेब्रुवारीत दोन्ही जागा बघितल्या आणि जास्त दिवस राहायला या लायक नाहीत असं लिहिलं. पेनॅली मार्चमध्येच बंद केली. नेपिअरमधले सहा जण कोर्टात गेले. जून २०२१ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, की तिथली व्यवस्था किमान दर्जाचीही नव्हती आणि सरकारने त्यांना तिथे ठेवणं बेकायदा होतं. तरी नेपिअर पुढे काही वर्षं चालूच राहिली, माणसं कमी करून.

नेपिअरच्या बाबतीत एक सरकारी कागद वर्तमानपत्रांच्या हाती लागला होता. त्यात गृह खात्याने साधारण असं म्हटलं होतं, की यापेक्षा चांगली सोय दिली तर जनतेचा या व्यवस्थेवरचा विश्वास कमी होईल. मला वाटतं सगळ्या वादाची गोम इथे आहे. बराक स्वस्त पडते, मोठी असते, पटकन मिळते, ही कारणं सांगितली जातात. पण तिथे त्रास व्हावा आणि तो लोकांना दिसावा, हेही एक कारण आहे. हॉटेल म्हटलं की माणूस मजेत आहे असं वाटतं, बराक म्हटलं की नाही वाटत. खाट दोन्हीकडे एकच असते.

बराकीत राहणं म्हणजे काय याची थोडीफार कल्पना आपल्या नदीकाठच्या लोकांना आहे. २०१९ च्या महापुरात आम्ही शाळेत राहिलो. एका वर्गात सात घरं. पहिले दोन दिवस सगळे एकमेकांना धरून होते. चौथ्या दिवशी नळावर भांडणं लागली, आठव्या दिवशी चांगला शेजारी डोळ्यासमोर नको झाला. पण पाणी उतरलं की घरी जायचं आहे एवढं माहीत होतं, म्हणून निभावलं. नेपिअरमधल्या माणसाला पाणी कधी उतरणार हेच माहीत नसतं.

स्वस्त म्हणून घेतलं आणि महाग पडलं

मार्च २०२३ मध्ये सरकारने आणखी मोठा बेत सांगितला. हवाई दलाचे दोन जुने तळ घ्यायचे, एसेक्समधला वेदर्सफील्ड आणि लिंकनशायरमधला स्कॅम्प्टन. एका ठिकाणी १,७००, दुसऱ्या ठिकाणी २,००० माणसं. शिवाय पोर्टलंड बंदरात 'बिबी स्टॉकहोम' नावाची तरंगती बार्ज, तिच्यावर ५००.

गंमत बघा, तेव्हा पंतप्रधान होते ऋषी सुनक, ज्यांचे आईवडील पूर्व आफ्रिकेतून ब्रिटनला आलेले. गृहमंत्री सुएला ब्रॅव्हरमन, वडिलांचं मूळ गोव्याचं, केनियातून आलेले. नेपिअर उघडली तेव्हाच्या गृहमंत्री प्रीती पटेल, घराणं युगांडातून आलेलं गुजराती. स्वतः स्थलांतरितांच्या घरातला माणूस मवाळ असतो असं काही नाही.

स्कॅम्प्टन हा साधा तळ नव्हे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली जर्मनीची धरणं फोडायला जी विमानं गेली ती इथून उडाली. पुढे ब्रिटनच्या कसरती करणाऱ्या 'रेड अॅरोज' विमानांचं ठाणं इथेच होतं. हवाई दल जायला निघालं तेव्हा तिथल्या वेस्ट लिंडसे नगरपालिकेने ३० कोटी पौंड गुंतवणुकीचा विकास ठरवून ठेवला होता. संग्रहालय, उद्योग, नोकऱ्या. तेवढ्यात गृह खात्याने जागा अडवली. तिथल्या लोकांचा सगळा विरोध परक्यांबद्दलच्या रागातून आला, असं म्हणणं चुकीचं होईल. आपल्या एमआयडीसीसाठी राखलेल्या जागेवर उद्या सरकारने दुसरंच काही आणलं तर आपण गप्प बसू का?

वेदर्सफील्डची अडचण वेगळी. तळ आडबाजूला, शेतांच्या मधोमध, अरुंद रस्ते. चालत जाऊन गाठावं असं काही जवळ नाही, शहरात जायचं तर तळावरून सुटणाऱ्या बसवर अवलंबून. जुलै २०२३ मध्ये पहिले पुरुष आले. तो भाग ज्यांच्या मतदारसंघात येतो ते खासदार जेम्स क्लेव्हर्ली नोव्हेंबरात स्वतःच गृहमंत्री झाले, आणि मतदारांना नको असलेला तळ चालवायची पाळी त्यांच्यावर आली. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या आंतरराष्ट्रीय संघटनेला, जी एरवी युद्धाच्या देशांत काम करते, तिला इंग्लंडमधल्या या तळाच्या फाटकाबाहेर फिरता दवाखाना लावावा लागला. आत्महत्येचे विचार येणारे रुग्ण तिच्या डॉक्टरांकडे येत होते. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तिथे ठेवलेल्या तिघांच्या बाजूने निकाल दिला. तळ मुळातच वाईट आहे असं कोर्ट म्हणालं नाही. पण छळ किंवा मानवी तस्करी सोसून आलेल्या माणसाला तिथे ठेवताना बघायला हवं होतं ते बघितलं नाही, असा ठपका ठेवला.

आता पैशाचं बघू. 'नॅशनल ऑडिट ऑफिस' म्हणजे आपल्याकडच्या कॅगसारखी संस्था. तिचा अहवाल मार्च २०२४ मध्ये आला. दोन्ही तळ उभे करायला प्रत्येकी ५० लाख पौंड लागतील असा गृह खात्याचा पहिला अंदाज होता. वेदर्सफील्डला लागले ४ कोटी ९० लाख, स्कॅम्प्टनला २ कोटी ७० लाख. जुन्या पाइपलाइन, अॅस्बेस्टॉस, वीज, दूषित जमीन, हे सगळं कुदळ मारल्यावर निघालं. ज्याने जुना वाडा विकत घेऊन दुरुस्त केलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. हॉटेलांपेक्षा हे तळ आणि बार्ज मिळून ४ कोटी ६० लाख पौंड महाग पडतील, असा त्या अहवालाचा हिशोब होता.

स्कॅम्प्टनवर एकही माणूस राहायला गेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या मजूर पक्षाच्या सरकारने तो बेत रद्द केला, तोवर ६ कोटी पौंड खर्च झाले होते. बार्जवर ऑगस्ट २०२३ मध्ये पहिले लोक चढले आणि आठवड्याच्या आत पाण्यात न्यूमोनियासारखा आजार करणारे लीजिओनेला जंतू सापडले म्हणून उतरवले. डिसेंबरात तिथे एकाचा मृत्यू झाला. २०२४ च्या नोव्हेंबरात तीही बंद. वेदर्सफील्ड तेवढा चालू राहिला.

एकाच फाटकावर दोन मोर्चे

या तळांच्या विरोधात दोन वेगळी माणसं उभी असतात. एक म्हणतो, ही माणसं आमच्या गावात नकोत, बंद करा. दुसरा म्हणतो, माणसांना असं ठेवू नका, बंद करा. घोषणा वेगळ्या, मागणी एकच. त्यामुळे कोर्टात कधी नगरपालिका जाते, कधी गावकरी, कधी आत राहणारा. सरकारने मात्र तातडीची गरज म्हणून बांधकाम परवानगीचे नेहमीचे नियम बाजूला ठेवायची पळवाट वापरली आणि डिसेंबर २०२३ मध्ये नगरपालिकांचा दावा फेटाळलाही गेला.

सरकारच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. छोटी भाड्याची घरं सगळ्यात स्वस्त पडतात हे सगळेच मान्य करतात, पण तिथल्या माणसालाच घर मिळत नाही अशी टंचाई आहे. स्वस्त भाड्याच्या गरीब शहरांवर आधीच भार जास्त आहे. लष्कराची जागा सरकारची स्वतःची असते, भाडं नाही, कुंपण आहे, स्वयंपाकघर आहे. कागदावर बघितलं तर कुणालाही पटेल.

१९७२ : याच देशात, अशाच बराकी

ब्रिटनने हे पूर्वी मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे, आणि त्याची इतकी बदनामी झाली नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. बहुतेक गुजराती, काही पंजाबी, काही गोवेकर. ब्रिटिश पासपोर्ट असलेले सुमारे २८ हजार लोक ब्रिटनने घेतले. पहिलं विमान सप्टेंबरात एसेक्समधल्या स्टॅन्स्टेड विमानतळावर उतरलं. वेदर्सफील्ड त्याच एसेक्समध्ये आहे. उतरलेल्या लोकांना सोळा छावण्यांत नेलं. त्यांतल्या बऱ्याचशा लष्करी जागा होत्या. सफकमधला स्ट्रॅडिशॉल, बर्कशायरमधला ग्रीनहॅम कॉमन, वेल्सच्या किनाऱ्यावरचा टोनफानाऊ. लिंकनशायरमधला हेम्सवेल तळ तर स्कॅम्प्टनपासून हाकेच्या अंतरावर म्हणावा असा.

विरोध तेव्हाही होता. लेस्टर शहराच्या पालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, आमच्या शहरात येऊ नका म्हणून. तरी लोक लेस्टरलाच गेले. आज तिथली दिवाळी बघायला लांबून लोक येतात.

बराकी तेव्हाही थंडगारच होत्या, जेवण बेचव होतं. फरक एवढाच, की त्या लोकांचा निकाल आधीच लागलेला होता. पासपोर्ट हातात, कामाला मोकळीक. छावणीत नोकरीची आणि घराची चौकशी चालायची, मिळालं की माणूस निघाला. त्यामुळे बहुतेक छावण्या काही महिन्यांतच रिकाम्या झाल्या.

कल्याण कॅम्प आणि वळीवडे

आता आपल्याकडे या. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठी छावणी उभी केली होती. युद्ध संपलं, बराकी ओस पडल्या. फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या हिंदू कुटुंबांना तिथे ठेवलं. सुमारे एक लाख लोक. एका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे आणि साड्यांचे पडदे. तेव्हाचं मुंबई सरकारही या लोंढ्याला हात पसरून सामोरं गेलं नव्हतं. १९४८ मध्ये कायदा करून निर्वासितांना नोंदणी सक्तीची केली होती, शहरात गर्दी नको म्हणून त्यांना कॅम्पात राहायला लावायचा प्रयत्न होता.

पण कामाला बंदी नव्हती. सिंधी बायकांनी पापड-लोणची घातली, पुरुषांनी आणि पोरांनी ती लोकलच्या डब्यांतून विकली. बराकीच्या ओसरीवर दुकानं निघाली, शिवणयंत्रं बसली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं नाव उल्हास नदीवरून उल्हासनगर झालं. २०११ च्या जनगणनेत तिथली वस्ती पाच लाखांच्या वर होती. आजही उल्हासनगरचा पत्ता कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगतात. सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. बेकायदा बांधकामं, नियमितीकरण, पाण्याची ओरड, हे त्या शहराच्या पाठीमागे लागलेलंच आहे, आणि नकाशाशिवाय वाढलेल्या छावणीचं दुसरं काय होणार. पण छावणी तुरुंग झाली नाही.

कोल्हापूरजवळचं वळीवडे हा लष्करी तळ नव्हता, मुद्दाम बांधलेली वसाहत होती. १९४३ ते १९४८ या काळात पोलंडमधून परागंदा झालेले सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं, तिथे राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ते गेल्यावर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले आणि आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जिथे जातो ते गांधीनगर उभं राहिलं.

अमेरिकेत एकाच तळाचे दोन चेहरे

अमेरिकेबद्दल थोडक्यात. १९७५ मध्ये व्हिएतनाममधून आणलेल्या सुमारे एक लाख तीस हजार लोकांपैकी बहुतेकांना मुख्य भूमीवरच्या चार लष्करी तळांवर ठेवलं आणि वर्ष संपायच्या आत तळ रिकामे केले. २०२१ मध्ये काबूल पडल्यावर अफगाण लोकांना आठ तळांवर ठेवलं, तेही फेब्रुवारी २०२२ पर्यंत बाहेर पडून वसले. त्या आठांत टेक्सासमधला फोर्ट ब्लिस होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच फोर्ट ब्लिसवर पाच हजार माणसांची तंबूंची छावणी उघडली, ती मात्र देशाबाहेर काढायच्या लोकांना कोंडून ठेवण्यासाठी. त्याच वर्षी जानेवारीत अध्यक्ष ट्रम्प यांनी क्युबातल्या ग्वांतानामो तळावर ३० हजार जणांची सोय करायचा आदेश काढला होता. ब्रिटनच्या बराकीतून माणूस बाहेर जाऊन येऊ शकतो, अमेरिकेच्या या नव्या छावण्यांतून नाही. व्हॉट्सअॅपवर हे दोन्ही एकच करून फिरवलं जातंय.

क्रोबरोला आता काय चाललंय

ब्रिटन सरकारने २०२९ पर्यंत हॉटेलं पूर्ण बंद करायचं वचन दिलेलं आहे. जून २०२५ मध्ये ३२ हजार लोक हॉटेलांत होते, म्हणजे शिखरापेक्षा बरेच कमी, पण त्यांना हलवायला जागा हवीच. तळ हॉटेलांपेक्षा महाग पडला तरी चालेल, लोकांना हॉटेलं नकोत, असा सूर सरकारमधूनच निघाला. २०२३ मध्ये स्वस्त पडेल म्हणून तळ घेतले होते, आता महाग पडला तरी घेतायत. अर्जांचे निकाल लवकर लावणं हाच खरा इलाज आहे असं मला वाटतं, पण कारकून आणि न्यायाधीश वाढवल्याची बातमी होत नाही, कुंपणाच्या आत माणसं नेल्याची होते.

क्रोबरोच्या गावकऱ्यांचा मुख्य राग असा आहे, की आम्हाला वेळेवर काही सांगितलं नाही. पाचशेच्या वर तरुण पुरुष आणणार, दवाखाने आधीच भरलेले, पोलीस कमी. इन्व्हरनेसमध्येही स्थानिक कौन्सिलने हीच तक्रार केली.

या दोन्ही ठिकाणी याआधीही परदेशी लोक राहून गेलेले आहेत. काबूलमधून बाहेर काढलेली, ब्रिटिश सैन्याला मदत केलेल्या अफगाणांची कुटुंबं २०२५ च्या सुरुवातीपर्यंत कॅमेरॉन आणि क्रोबरोतच ठेवलेली होती. त्यांना सरकारनेच विमानाने आणलं होतं, राहण्याचे आणि कामाचे कागद त्यांच्याकडे होते, सोबत लेकरंबाळं होती. घर मिळालं की ती पुढे जात होती. तेव्हा क्रोबरोचं नाव आपल्यापर्यंत आलं नव्हतं.